घर सोडलं त्या दिवसाची पावती

ऑक्टोबर २०२४ मधे मॉर्गेज ब्रोकरचा, म्हणजे घराचं कर्ज जुळवून देणाऱ्याचा, फोन आला, म्हणाला तुमच्या नावावर एक सीसीजे दिसतोय, हे आधी का नाही सांगितलंत. मला वाटलं नावात घोळ झाला असेल, आपल्या आडनावांचं स्पेलिंग इकडे ब्रिटनमधे सात प्रकारे लिहितात. पण नाही. माझंच नाव, माझीच जन्मतारीख, आणि पत्ता आमच्या जुन्या फ्लॅटचा, जो आम्ही मार्च २०२२ मधे सोडला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीसीजे म्हणजे काउंटी कोर्ट जजमेंट. इंग्लंड आणि वेल्समधे कोणी तुमच्यावर पैशासाठी दावा लावला आणि तुम्ही उत्तरच दिलं नाहीत तर जज वगैरे कोणी केस बघत नाही, समोरचा अर्ज करतो आणि डिफॉल्ट, म्हणजे एकतर्फी, जजमेंट निघतं. ते सहा वर्षं रजिस्टरवर राहतं आणि तिथून क्रेडिट रिपोर्टमधे जातं. (स्कॉटलंडवाल्यांनो, तुमच्याकडे सीसीजे नसतो, डिक्री असते आणि नियम वेगळे, तेव्हा पुढचं नुसतं गोष्ट म्हणून वाचा.)

माझं पहिलं रिअ‍ॅक्शन होतं की जे काय असेल ते भरून टाकू आणि मोकळे होऊ. रक्कम २७० पौंडाच्या आसपास होती, काही लाखाची नव्हती. ब्रोकरच म्हणाला थांबा, घाई करू नका. जजमेंटच्या तारखेपासून एका महिन्याच्या आत पूर्ण भरलं तरच एन्ट्री रजिस्टरवरून निघते. त्यानंतर भरलं तर नुसता 'सॅटिस्फाइड', म्हणजे पैसे चुकते झाले, असा शिक्का बसतो आणि एन्ट्री सहा वर्षं तशीच. आणि तो महिना जजमेंट निघाल्यापासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. माझं जजमेंट जुलै २०२३ चं होतं, म्हणजे मला कळेपर्यंत तो महिना कधीच उलटून गेला होता.

आता मजा अशी की दावा कोणी लावलाय हेच कळेना. रजिस्टर शोधता येतं, रजिस्ट्री ट्रस्ट नावाची संस्था ते सांभाळते, थोडी फी भरली की ऑनलाइन दिसतं, पण तेव्हा त्यात कोर्टाचं नाव, केस नंबर, तारीख आणि रक्कम एवढंच होतं, समोरच्याचं नाव नव्हतं. मग तो केस नंबर घेऊन कोर्टाकडे विचारणा केली तेव्हा कळलं, एक प्रायव्हेट पार्किंग कंपनी. मूळ चार्ज १०० पौंड, त्यावर ७० 'रिकव्हरी'चे, कोर्ट फी ३५, सॉलिसिटरचे ५०, वर व्याज.

आणि त्या पार्किंगची तारीख बघितली तर आम्ही घर सोडलं तोच दिवस!

त्या दिवशी मी गाडी बिल्डिंगच्या दाराशी लावून वरून खोकी, गादी, कुंड्या असं काय काय खाली आणत होतो. पंचवीस मिनिटं झाली असतील, फार तर तीस. कोणीतरी फोटो काढून गेला असणार, काचेवर काही लावलेलं नव्हतं, किंवा लावलं असेल आणि उडालं असेल. कंपनीने डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्या आणि लायसन्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडून, गाडीच्या मालकाचा पत्ता घेतला, एका गाडीच्या माहितीचे अडीच पौंड लागतात त्यांना, आणि नोटीस पाठवली. कुठे? मी ज्या घरातून सामान काढत होतो त्याच घरी. मग रिमाइंडर, वसुलीवाल्यांची पत्रं, लेटर ऑफ क्लेम, कोर्टाचा क्लेम फॉर्म, शेवटी जजमेंट, सगळं त्याच दाराच्या फटीतून आत पडत राहिलं आणि आम्ही शंभर मैलांवर मजेत.

बायको म्हणाली, अरे पण तू लायसन्सवरचा पत्ता बदलला होतास ना? बदलला होता! पहिल्याच आठवड्यात. पण लायसन्स वेगळं आणि गाडीचं लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा तो व्ही५सी कागद, वेगळं. दोन्ही डीव्हीएलएचंच, पण एकात बदललं म्हणून दुसऱ्यात आपोआप बदलत नाही. मला हे खरंच माहीत नव्हतं. लॉगबुकवरचा पत्ता ऑनलाइन फुकटात बदलता येतो आणि नाही बदलला तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचत असाल आणि गेल्या दोनचार वर्षांत घर बदललं असेल तर आधी उठून ते लॉगबुक बघा, मी थांबतो.

तर सीसीजे काढायचा असेल तर 'सेट असाइड'चा, म्हणजे जजमेंट रद्द करण्याचा, अर्ज करायचा. फॉर्म एन२४४, तेव्हा फी ३०३ पौंड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, पण तो मसाला घातल्याशिवाय मॉर्गेज शिजणार नव्हतं. (उत्पन्न कमी असेल तर फी माफीचा अर्ज वेगळा असतो, आणि सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसवाले फुकट मदत करतात.) आधी समोरच्या सॉलिसिटरला ईमेल करून विचारून बघितलं की तुम्ही संमती देता का, कारण संमतीने अर्ज केला तर फी कमी लागते. त्यांचं उत्तर आलं की आधी पूर्ण रक्कम भरा मग विचार करू. म्हटलं राहू दे.

फॉर्म भरताना मी जे पहिलं स्टेटमेंट लिहिलं ते दोन पानं होतं आणि त्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती: मला पत्र मिळालं नाही, मी तिथे राहत नव्हतो, हा अन्याय आहे. ओळखीतला एक दादा आहे, तो असल्या कागदांत मुरलेला आहे, त्याला दाखवलं तर तो हसला. म्हणाला, अरे पत्र मिळालं नाही हे ठीक आहे, पण मिळालं असतं तर तू काय उत्तर दिलं असतंस ते कुठंय यात?

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी समजत होतो की जुना पत्ता म्हणजे हुकमाचा एक्का. पण तसं नसतं. कोर्टाच्या नियमांत दोन वाटा आहेत. एक १३.२, जजमेंट मुळातच चुकीचं निघालं असेल तर कोर्टाला ते काढावंच लागतं. दुसरी १३.३, इथे कोर्टाची मर्जी, तुमच्याकडे दाव्याला खरोखर टिकेल असं उत्तर आहे का किंवा दुसरं काही सबळ कारण आहे का ते बघतात, आणि कळल्यावर तुम्ही किती लवकर हललात तेही. सगळ्यांना वाटतं आपली केस १३.२ मधे बसते. पण कायद्याने 'शेवटचा माहीत असलेला पत्ता' चालतो, तुम्ही तिथे राहत नसलात तरी. फक्त तुम्ही तिथे राहत नाही असं वाटायला समोरच्याकडे काही कारण असेल तर मात्र त्याने नवीन पत्ता शोधायचा रास्त प्रयत्न करायला हवा, नियम ६.९.

म्हणून मी एका शनिवारी जुन्या फ्लॅटवर गेलो. आता तिथे राहणाऱ्या बाईंनी दार उघडलं, नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या अच्छा, ते तुम्ही! पहिली दोन पाकिटं त्यांनी 'इथे राहत नाहीत' असं लिहून परत पोस्टात टाकली होती म्हणे, नंतर कंटाळून फेकून देत होत्या. मी खूश. पण हे लिहून सही करून द्याल का विचारल्यावर त्यांचा चेहरा बदलला, कोर्टाच्या भानगडीत पडायचं नाही म्हणाल्या, दार बंद. मला राग नाही आला, मीही बहुतेक तेच केलं असतं.

मग स्टेटमेंट पुन्हा लिहिलं. आधी तारखा: कधी कळलं, कधी केस नंबर मिळाला, कधी अर्ज केला. कळल्यापासून अर्ज जाईपर्यंत अकरा दिवस लागले, ते दिवसागणिक लिहिले. मग नवीन घराचं भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, आणि तारखेसकट लायसन्स. आणि मग मुख्य, बचाव: मी तिथला भाडेकरू होतो, माझ्या करारात बिल्डिंगच्या आवारात ये-जा करायचा आणि गाडी लावायचा हक्क होता, आणि मी पार्किंग करत नव्हतो, सामान भरत होतो. २०१६ मधे ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात अपिलात असाच मुद्दा आला होता, आपल्याच बिल्डिंगच्या दाराशी सामान उतरवायला थोडा वेळ थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे असं तिथे ठरलं. तो निकाल बाकी जजेसवर बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. सोबत ऑर्डरचा मसुदा पण जोडायचा असतो, म्हणजे आपल्याला काय हुकूम हवाय तो आपणच टाइप करून द्यायचा, हे मला फार गमतीशीर वाटलं.

सुनावणी जानेवारीत, आमच्या जवळच्या कोर्टात. माझ्या डोक्यात काळे कोट, उंच खुर्ची, पिंजरा. प्रत्यक्षात एक साधी ऑफिसची खोली, लांब टेबल, एका टोकाला डिस्ट्रिक्ट जज. त्यांना आता नुसतं 'जज' म्हणतात, सर-मॅडम गेलं, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. समोरून एक तरुण वकील आला होता, त्याने बहुतेक फाइल लिफ्टमधे वाचली असावी.

जजनी पहिला प्रश्न विचारला, लॉगबुकवरचा पत्ता कोणी बदलायचा होता? मी म्हटलं, मी. मग त्या बाईंच्या परत पाठवलेल्या पाकिटांबद्दल सांगितलं, तर जज म्हणाल्या त्याचा पुरावा माझ्यासमोर नाही, तुमच्या तोंडच्या ऐकीव गोष्टीला मी फार वजन देऊ शकत नाही. संपलं, १३.२ गेलं तिथेच, पाच मिनिटांत. माझे तळहात ओले.

मग म्हणाल्या, तुमचा बचाव सांगा. तो सांगितला, करारातलं कलम दाखवलं. त्यांनी वकिलाला विचारलं याला तुमचं उत्तर काय, तो म्हणाला गाडीवर पार्किंगचं परमिट दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या ते मी वाचलंय, कलमाबद्दल विचारतेय. तो कागद चाळत राहिला. शेवटी जजनी अकरा दिवस हे पुरेसं लवकर धरलं आणि १३.३ खाली जजमेंट रद्द केलं, चौदा दिवसांत बचाव दाखल करा म्हणाल्या. अर्जाची फी मात्र समोरच्याकडून मिळणार नाही, कारण हे सगळं पत्ता न बदलल्यामुळे झालं. बोलायला तोंड नव्हतं.

बाहेर आल्यावर बायकोला फोन केला, ती म्हणाली जिंकलो का? म्हटलं नाही गं, केस आता सुरू झाली. हे पण लोकांच्या लक्षात येत नाही, सेट असाइड म्हणजे कर्ज माफ नव्हे, दावा पहिल्या पायरीवर परत येतो एवढंच. बचाव दाखल केला आणि साधारण पाच आठवड्यांनी त्यांनी दावा मागे घेतल्याची नोटीस आली, या वेळी बरोबर पत्त्यावर. कारण काहीच लिहिलेलं नव्हतं.

रजिस्टरवरची एन्ट्री त्याआधीच गेली होती, क्रेडिट रिपोर्टमधून जायला अजून थोडे दिवस लागले. ब्रोकरने मार्चमधे पुन्हा अर्ज भरला. त्यात मागच्या तीन वर्षांचे सगळे पत्ते विचारतात, मी एकेक तारीख करारात बघून लिहिली, आणि लिहिता लिहिता आठवलं की बायकोच्या गाडीचं लॉगबुक अजून कोणी बघितलेलंच नाही.