दुखतंय तिला, आणि ॲडमिट मी?

नवरात्र दहा दिवसांवर आलं की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या दवाखान्यात अंगठ्यांची गर्दी होते. गरबा अनवाणी खेळायचा, त्यामुळे वर्षभर बुटात लपवलेलं दुखणं तेव्हा बाहेर पडतं. त्या सकाळी 17 वर्षांची एक मुलगी आजीचा दंड धरून लंगडत आली. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या कडेला, नख रुतलं होतं तिथे, लालबुंद, ओलसर मांसाचा कोंब. मी हात लावायच्या आधीच, "काका, नको!"

अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले होते. आत रुतलेला काटा तसाच ठेवून वरवर पू वाळवायचा, असला तो प्रकार. दुखलं की ही नखाचा कोपरा आणखी खोल कोरायची, तेही आजोबांच्या नखं काढायच्या जुन्या नराणीनं.

अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी लिग्नोकेन टोचलं. बधिर झाल्यावर नखाची कड, साधारण पाचवा हिस्सा, उभी कापली आणि चिमट्यानं वळवत ओढून काढली. कोपरा कापताना राहून गेलेली अणकुची टोकाला तशीच होती, माशाच्या काट्यासारखी. तिला ट्रेमध्ये दाखवली.

"एवढीशी?"

आता प्रश्न फिनॉलचा. ते मुळाला लावलं तर ती कड सहसा परत उगवत नाही, पण जखम काही आठवडे पाझरत राहते. नाही लावलं तर लवकर सुकेल आणि बहुधा पुन्हा रुतेल. दोन्ही सांगितलं. ती छताकडे बघत राहिली.

"लावा. पण गरबा बंद हे आईला तुम्ही सांगा."

पट्टी बांधता बांधता नेहमीचं सुरू केलं: नखं सरळ आडवी काप, कोपरे कोरू नकोस, निमुळते बूट सोड, पुढे कधी टोचायला लागलं तर आधी कोमट पाण्यात पाय बुडव.

"त्यात काय एवढं?" आजी म्हणाल्या. "माझंही रुतलंय. रोज कढत पाण्यात पाय घालून बसते. काही वाटत नाही."

माझा हात पट्टीवरच थांबला. "आजी, साखर आहे का?"

"वीस वर्षं झाली."

अंगठ्याला गुंडाळलेलं हळदीचं फडकं सोडवलं. आत पू, आणि पावलावर भाजल्याचा टपोरा फोड. त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. पायावरची नाडी बोटांना जेमतेम लागत होती. डोळे मिटायला सांगितले, 10 ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा जाणवला की 'हो' म्हणा म्हटलं, आणि तळव्यावर एकेक जागा टेकवत गेलो. दोन्ही पाय झाले तरी त्या गप्पच.

"करा ना सुरू," आजी म्हणाल्या.

मी कात्री उचललीच नाही. रक्तपुरवठा तपासल्याशिवाय अशा पायाला काप दिला तर तो भरेल याचा भरवसा नसतो. रक्तप्रवाह बघायला डॉप्लर, एक्स-रे, साखर, सगळं त्याच दिवशी व्हायला हवं होतं. ॲडमिट व्हायची चिठ्ठी लिहिली, मुलाला फोन करायला सांगितलं.

आजींनी पट्टीतल्या अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दुखतंय तिला, आणि ॲडमिट मी?"