‘वय झालंय त्याचं’ म्हणण्याआधी

इंदूरमध्ये रामबागेतल्या जुन्या वाड्यात असो, राजेंद्र नगरच्या बंगल्यात असो की बायपासजवळच्या नव्या फ्लॅटमध्ये, कुत्रं दहाच्या आसपास आलं की घरात एक वाक्य रुळतं: ‘वय झालंय त्याचं.’ जिना चढत नाही, वय झालंय. पाणी फार पितो, वय झालंय. तोंडाला वास येतो, रात्री उगाच भुंकतो, वय झालंय. यातल्या बहुतेक तक्रारींमागे नाव असलेला आजार असतो, आणि बऱ्याच आजारांना उपाय असतो. म्हातारपण खरं असतं, पण ते सगळ्यांत शेवटी धरायचं निदान आहे.

आधी वयाचा हिशेब. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड ७-८ वर्षांत प्रौढपण ओलांडतात, ग्रेट डेनसारखं धूड ६ व्या वर्षीच. पॉम आणि छोटी देशी कुत्री १० पर्यंत सहज तरुण राहतात. मोठ्या जातीचं कुत्रं ७ चं आणि छोटं १० चं झालं की वर्षातून एकदाऐवजी दोनदा तपासणी हवी. रेबीजची लस म्हातारपणीही थांबवायची नाही. ‘आता कुठे बाहेर जातो तो’ हे कारण चालत नाही.

घरी करायच्या गोष्टींत वजन पहिलं. बाथरूमच्या काट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. उचलता येत नसेल इतकं मोठं असेल, तर दवाखान्यातला काटा वापरा. तेवढ्यासाठी सहसा कुणी पैसे मागत नाही. महिन्यातून एकदा, कॅलेंडरच्या त्याच पानावर आकडा लिहून ठेवा. १५ किलोच्या कुत्र्याचं वजन प्रयत्न न करता महिन्यात पाऊण किलो उतरलं, तर ते ५ टक्के झालं आणि त्याला कारण असतं. वजन तेवढंच आहे पण मांड्या बारीक झाल्या, पाठीचा कणा हाताला लागायला लागला, तर स्नायू जातायत आणि पोटात चरबी किंवा पाणी भरतंय, असाही अर्थ निघतो.

दुसरं म्हणजे झोपेतला श्वास. गाढ झोपलेल्या कुत्र्याची छाती एक मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. ३० च्या आत हवी. आकडा सलग दोन-तीन दिवस ३० च्या वर राहिला, तर हृदयाकडे पाहायला हवं. पॉमसारख्या छोट्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळायला लागते आणि पाणी फुप्फुसात साचतं. घरच्यांना मात्र फक्त ‘खोकला’ ऐकू येतो. मोजणी पंखा चालू असलेल्या गार खोलीत करा. मे महिन्यातल्या दुपारी धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे श्वास मोजून काही कळत नाही.

तिसरं पाणी, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्यांत जास्त उशीर इथेच होतो. निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी पितं. १५ किलोचं म्हणजे पाऊण ते एक लिटर. किलोमागे १०० मिली, म्हणजे याच कुत्र्याला दीड लिटर, ओलांडलं की ते नक्की जास्त आहे. मोजायचं कसं? सकाळी मोजून दोन लिटर पाणी एका पातेल्यात घ्या, दिवसभर भांड्यात त्यातूनच भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं वजा करा. असं तीन दिवस करा. भात-रस्सा खाणारं कुत्रं अन्नातूनच बरंच पाणी घेतं, कोरडे दाणे खाणारं जास्त पितं. घरात दुसरं कुत्रं असेल तर ही मोजणी निरर्थक होते, आणि इंदूरच्या उन्हाळ्यातही तिच्यावर भरवसा नाही.

म्हणून लघवी. सकाळची पहिली लघवी खोलगट डावात किंवा काठीला बांधलेल्या स्वच्छ वाटीत धरा. कुत्रीसाठी पसरट बशी मागून हळूच सरकवावी लागते. दोन चमचेही पुरतात. तासाभरात लॅबला पोचवा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी द्या. लॅबला सांगायचं ते एवढंच: विशिष्ट घनता (लघवी किती दाट आहे तो आकडा) रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणावर पाहा, पट्टीवर नको. माणसांसाठीच्या लघवीपट्टीवरचा घनतेचा चौकोन कुत्र्यांत फसवतो. आकडा १.०३० च्या वर असेल, तर मूत्रपिंड पाणी धरून ठेवतायत. वारंवार त्याच्या खाली येत असेल तर पुढच्या तपासण्या हव्यात.

रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) ‘नॉर्मल’ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम गेल्यावरच ते ठळकपणे वाढतं. एसडीएमए ही रक्ताचीच दुसरी तपासणी त्याआधी इशारा देते. शिवाय गल्लीतल्या माणसांच्या लॅबमध्ये रक्त दिलं, तर रिपोर्टवरचे कमी-जास्तचे बाण माणसांच्या हिशेबाने छापलेले असतात. कुत्र्यात १.४ च्या खाली क्रिएटिनिन हवं, २.८ पर्यंत मूत्रपिंडाच्या आजाराचा दुसरा टप्पा, ५ पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. दुसऱ्या टप्प्यावर सापडलेलं कुत्रं योग्य आहारावर पुष्कळदा वर्षानुवर्षं बरं राहतं. चौथ्यावर सापडलेल्याला सलाईन लावून दिवस मोजायचे असतात.

जास्त पाणी पिण्यामागे मूत्रपिंडच असेल असं नाही. मधुमेह असतो. पोट सुटणं, पाठीवरचे केस विरळ होणं आणि सतत भूक ही लक्षणं सोबत असतील, तर कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार, असतो. आणि नसबंदी न केलेल्या कुत्रीत माज संपल्यावर ४ ते ८ आठवड्यांत पाणी वाढलं, जेवण सुटलं, उलट्या झाल्या, तर गर्भाशयात पू झाला असू शकतो. बाहेर स्राव दिसेलच असं नाही; तोंड बंद असलेलं गर्भाशय तर जास्त धोक्याचं. यात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते, त्याच दिवशी सोनोग्राफी आणि बहुधा ऑपरेशन. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ या हौसेची किंमत अनेक कुत्र्या दहाव्या वर्षी मोजतात, हे माझं ठाम मत.

आता दुखणं. कुत्रं सांध्यांच्या दुखण्याने क्वचितच विव्हळतं. ते टप्प्याटप्प्याने उठतं, पुढचे पाय आधी आणि मागचे नंतर. शी करताना बसून राहता येत नाही म्हणून चालत चालत करतं. मागच्या पायांची नखं वरच्या बाजूने घासलेली दिसतात. घरात फरशीचा भाग टाळून सतरंजीवरून सतरंजीवर जातं.

फरशी हाच आपल्याकडचा मोठा गुन्हेगार. घासून गुळगुळीत केलेला कोटा दगड आणि नव्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाईल्स, दोन्हींवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात. एकदा फाकले की ते घाबरून उठणंच कमी करतं, आणि न उठल्याने स्नायू आणखी जातात. जेवणाचं भांडं, झोपायची जागा आणि दार या तीन ठिकाणांना जोडणारी वाट रबरी मॅट किंवा जुन्या योगा मॅटने झाकून टाका. गालिचा नको, तो स्वतःच घसरतो. पंज्याच्या गादीमधले केस कापा, नखं दर तीन आठवड्यांनी. कूलरसमोरची ओली फरशी तर रोज पुसायला हवी. भांडं कुत्र्याच्या कोपराच्या उंचीवर एखाद्या पाटावर ठेवलं, तर मान वाकवावी लागत नाही. जिन्यावर जुना पंचा पोटाखालून घेऊन दोन्ही टोकं वर धरली की मागचा भार तुमच्या हातात येतो. डिसेंबर-जानेवारीत माळव्याची थंडी थेट सांध्यांत उतरते. तेव्हा चार इंच जाडीचा फोम आणि खाली गोणपाट हवंच.

औषधाच्या बाबतीत घरातला डबा बंद ठेवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला जखमा करतात आणि मूत्रपिंड बसवतात. (जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांपायी, पण कुत्र्यालाही ते झेपत नाही.) मांजर असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घेते. डॉक्टर कुत्र्याला मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध देतात ते पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलीग्रॅम आणि पुढे ०.१, जेवणानंतर. १० किलोच्या कुत्र्याला रोजचा १ मिलीग्रॅम. मेडिकलमध्ये मिळणारी माणसांची गोळी १५ मिलीग्रॅमची असते. ‘अर्धीच दिली’ म्हणजे साडेसातपट दिली. सुरू करण्याआधी मूत्रपिंड-यकृताची रक्ततपासणी, आणि स्टेरॉइड चालू असेल तर हे मुळीच नाही. सांध्यांच्या महागड्या पावडरींवर माझा फारसा विश्वास नाही. जाड कुत्र्याचं दोन किलो वजन उतरवणं त्यांच्यापेक्षा जास्त काम करतं.

आणि वजन वाढतं कुठून, तर आपल्याच ताटातून. ५० ग्रॅम शेव म्हणजे पावणेतीनशे कॅलरी, २० किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. वर मीठ वेगळं. सकाळच्या पोह्यांवरचा कच्चा कांदा रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवलेलाही फोडतो. मनुका, द्राक्षं मूत्रपिंडाला घातक, म्हणून प्रसादाचा शिराही मनुका काढूनच. दूध-पोळी हे आपल्या घरांतलं परंपरेचं जेवण पोट भरतं, पण पुरेशी प्रथिनं देत नाही. मूत्रपिंड ठीक असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमी नाही, चांगली हवीत: अंडं, उकडलेली कोंबडी, घरात चालत नसेल तर पनीर. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर पहिली कात्री फॉस्फरसवर, म्हणजे दूध, पनीर, हाडं बंद.

डोळ्यांतला निळसर धूर बहुधा मोतीबिंदू नसतो. सातव्या-आठव्या वर्षापासून भिंग घट्ट होतं, दिसत राहतं. कापसाचा बोळा डोळ्यांसमोरून खाली सोडा. नजर त्याच्यामागे गेली तर चिंता नको.

एक प्रकार मात्र हमखास गैरसमज करून देतो. म्हातारं कुत्रं सकाळी उठतं तेच मान एका बाजूला वाकडी, डोळे इकडून तिकडे थरथरतायत, उभं राहता येत नाही, उलटी. घरचे म्हणतात लकवा मारला, आणि कुणीतरी ‘आता इंजेक्शन देऊन टाका’ असा सल्ला देतं. पुष्कळदा हा आतल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि कारण न सापडताच ७२ तासांत सुधारू लागतो, दोन-तीन आठवड्यांत कुत्रं चालतं. मान थोडी वाकडी राहते एवढंच. तोवर कानाच्या आत संसर्ग आहे का पाहायचं, जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल बरेच दिवस चालू असेल तर डॉक्टरांना सांगायचं (त्यानेही तोल जातो), उलटीचं औषध द्यायचं, आणि भिंतीलगत उशा लावून हाताने पाणी पाजायचं. तीन दिवसांत काहीच फरक नाही, किंवा शुद्ध हरपतेय, तर मेंदूचा विचार. पण पहिल्या दिवशी निर्णय नको.

रात्रीच्या भुंकण्याचंही तसंच. दाराच्या उघडत्या बाजूऐवजी बिजागरीकडे उभं राहणं, कोपऱ्यात अडकून पडणं, दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या ही स्मृतिभ्रंशाची लक्षणं खरी, पण आधी दुखणं, रक्तदाब आणि लघवी तपासून मगच. पॅसेजमध्ये एक झिरो बल्ब आणि झोपण्याआधी एक लघवीची फेरी, एवढ्याने पुष्कळांच्या रात्री शांत होतात.

अवघड प्रकरणं महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेता येतात. इंदूरपासून अंतर फार नाही. जुने सगळे रिपोर्ट आणि वजनांची ती यादी सोबत न्या, सकाळी लवकर पोचा. उन्हाळ्यात गाडीत ओला पंचा ठेवा आणि म्हाताऱ्या कुत्र्याला बंद गाडीत पाच मिनिटंही सोडू नका.

सगळं करूनही वेळ येते. डॉ. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यांची एक गुणपद्धत यासाठी वापरतात: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि ‘वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का’ अशा सात गोष्टी, प्रत्येकी ० ते १० गुण, १० म्हणजे उत्तम. बेरीज ३५ च्या वर तर अजून चालवता येतं. घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या कागदावर गुण द्यावेत. दिवसभर कुत्र्याजवळ असणाऱ्या आजीचे आणि संध्याकाळी परतणाऱ्या मुलाचे आकडे बरेच वेगळे येतात. आजीच्या आकड्याला वजन द्या.

निर्णय झाला तर डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या: शीर पकडून सलाईनची नळी लावणार, आधी गुंगी आणि पूर्ण भूल, मगच शेवटचं औषध. भूल न देता थेट काही टोचणार असतील तर दुसरा डॉक्टर शोधा. डोळे उघडे राहतात, नंतर एखाद-दोन उसासे येतात, लघवी सुटते. ते जिवंत असल्याचं लक्षण नसतं. मुलांना हे आधी सांगितलेलं बरं. अंगणात पुरायचं तर किमान चार-पाच फूट खोल, विहीर-बोअरिंगपासून लांब, प्लॅस्टिकमध्ये न गुंडाळता सुती चादरीत, कारण भुलीचं औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणारं जनावरही मरू शकतं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर नगर निगमाच्या झोन कार्यालयात व्यवस्थेची विचारणा आधीच करून ठेवा. कचरागाडीत देण्याची ही गोष्ट नाही.

घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला शव हुंगू द्या. काही दिवस ते कमी खाईल, दारापाशी बसेल. त्याच्या फिरण्या-जेवणाच्या वेळा बदलू नका. पण दोन दिवस अजिबात तोंड लावलं नाही, तर ‘दुःख करतोय बिचारा’ म्हणून थांबू नका. दोघांच्या अंगावर गोचीड एकाच अंगणातले असतात. हिरड्यांचा रंग पाहा, ताप बघा, १०२.५ फॅरनहाइटच्या वर असेल तर प्लेटलेटसह रक्त तपासा. गोचीडताप निघाला तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स २८ दिवसांचा असतो, गोळी भरल्या पोटी आणि वरून पाणी पाजून द्यायची.