लोअर परळच्या गाळ्यातली आमची प्रेस

वडिलांनी लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेऊन ऑफसेट छपाईची प्रेस सुरू केली. आधी सिंगल कलर, मग हप्त्यांवर फोर कलर हायडेलबर्ग, म्हणजे जर्मन छपाई मशीन. जॉब येत गेले, घर चाललं.

खरा कस लागला २०२१ मध्ये. लग्नपत्रिकांचा हंगाम बुडालेला, लोकल सर्वसामान्यांना बंद आणि माझी माणसं विरार-बदलापूरची. तरी पगार सात तारखेच्या आत गेला. बायकोचे दागिने गहाण पडले, पण गेला. दादरचे आमचे एक जुने मसालेवाले स्वतःहून म्हणाले, "लेबलांच्या कागदाचे पैसे आधी घ्या, माल सावकाश द्या." त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

ऑगस्टमध्ये लस घेतलेल्यांना लोकल मिळाली, कॅलेंडर-डायऱ्यांची कामं हातात आली आणि भिवंडीच्या एका मोठ्या प्रेसने आमचा एक मशिनमन, दोन हेल्पर आणि कटिंगवाला उचलून नेला. जास्त पगार द्या, माणूस न्या, माझं काही म्हणणं नाही. पण मशीनवर छपाईच्या प्लेटा चढवलेल्या असताना, अर्धा जॉब मशीनवर असताना? आजही आठवलं की डोकं तापतं.

आमचे जुने मशिनमन काका मात्र राहिले. छपाईत मॅजेंटा, म्हणजे गुलाबी रंग, केसभर सरकला तरी लूप (भिंग) लावायच्या आधी त्यांना दिसतं. त्यांनाही बोलावणं होतंच. म्हणाले, "बघून आलो, शेठ. तिथे शाईचे रोलर धुताना केमिकलच्या वासाने जीव कोंडतो, इथे एक्झॉस्ट आहे. आणि पार्टीसमोर, गिऱ्हाइकासमोर तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत." ते कॅलेंडर काकांनी आणि मी रात्री जागून वेळेत काढलं.

नवी प्रेस टाकणाऱ्यांनो, लोकल लेट झाली म्हणून कुणाचा हाफ डे लावू नका. बाइंडिंगच्या बायकांना स्टूल नको, पाठीला टेकू असलेली खुर्ची द्या. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के आहे. तो खरेदीच्या आधी हातात पडू दे, दिवाळीच्या आदल्या रात्री नको. दहा माणसं झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, भरा. मालकाचा वाटा पगाराच्या ३.२५ टक्के, त्यात कुरकुर कसली? आणि कटिंग मशीनला दोन बटणं दिलीत ती दोन्ही हात पात्यापासून लांब राहावेत म्हणून. स्पीडसाठी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणारे मालक मी डोळ्यांनी पाहिलेत. आमच्या गाळ्यात ती पट्टी कुणी लावली, तर मशीन बंद करायचा हक्क हेल्परलाही आहे.