टॅकोमीटरचा काटा अखेर हलला

मंडळी, माझ्या १९६५ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे दाखवणारा मीटर, शून्यावरच बसून असतो, हे मागच्या नोंदीत लिहिले होते. शनिवारी रात्री गॅरेजचे दार उघडे टाकून इंजिन सुरू केले, तेव्हा काटा आठशेवर येऊन थांबला आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच पंधराशेकडे गेला. थंडीने बोटे आखडली होती, तरी इंजिन बंद करावेसे वाटेना.

या दुखण्याचे मूळ गाडीच्या इतिहासातच आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये पाच मेन बेअरिंगचे (क्रँकशाफ्टला पाच आधार असलेले) १८जीबी इंजिन आले आणि इंजिनवरून केबलने फिरणाऱ्या टॅकोमीटरच्या जागी स्मिथ्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक टॅकोमीटर बसू लागला. कॉइलकडे, म्हणजे ठिणगीसाठी उच्च दाब तयार करणाऱ्या भागाकडे, जाणारी पांढरी वायर त्याच्या पाठीमागच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याला वेढा घालून पुढे जाते आणि त्या वेढ्यातल्या प्रवाहाचे ठोके मोजून काटा हलतो. वेढ्याची दिशा आणि बॅटरीचे टोक यांचा मेळ बसला नाही, तर काटा मुळीच उठत नाही. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून त्या काळी एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले, घेऊनच बाहेर पडत असे. निगेटिव्ह अर्थ आणि आल्टरनेटर १९६७ च्या अखेरीस मार्क टू या पुढच्या आवृत्तीबरोबर आले.

माझी गाडी मात्र निगेटिव्ह अर्थवर होती. ‘सगळे बदलून घेतले आहे’ या आधीच्या मालकाच्या शब्दावर मी विसंबलो आणि तिथेच तीन आठवडे गेले. ज्यांच्याकडे मीटर पाठवला, त्यांनी तो कामाच्या बाकावर उत्तम चालतो असे कळवून बिल लावले. पण बाकावर कोणता अर्थ जोडला होता, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मग मीटर उघडून आतल्या वायरी उलटवायच्या, असे ठरवून मी सोल्डरिंग आयर्न तापवायलाही घेतले होते.

त्याच संध्याकाळी कॉइलवर टॉर्च मारला, तेव्हा एसडब्ल्यू अशी खूण असलेल्या टोकाला स्विचची वायर आणि सीबी खुणेच्या टोकाला डिस्ट्रिब्युटरची (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) वायर दिसली, म्हणजे अगदी पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत असते तशीच. बदल फक्त बॅटऱ्यांचा आणि त्या चार्ज करणाऱ्या डायनॅमोचा झाला होता, बाकी गाडी जशीच्या तशी होती. उलट जोडणीतही मीटरचा ट्रान्झिस्टर जळला नाही, हे मोठेच नशीब. मीटर बदलण्याऐवजी गाडीच मूळ अवस्थेत न्यावी, असे तिथल्या तिथे ठरवले.

सीटमागच्या दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांची जोडणी उलटवली. मग डायनॅमोनेही नव्या दिशेने वीज द्यावी म्हणून सी४० डायनॅमोच्या एफ (फील्ड) टोकावरची वायर काढून त्या टोकाला बॅटरीच्या जिवंत, म्हणजे आता निगेटिव्ह, टोकाचा क्षणभर स्पर्श दिला. बारीकशी ठिणगी उडाली आणि इंजिन सुरू होताच चार्जिंगचा लाल दिवा विझला. या कामात महागड्या मल्टिमीटरपेक्षा साधा टेस्ट लॅम्प मला अधिक उपयोगी पडला. वायरींच्या जोडांसाठी दाबून बसवायचे रंगीत टर्मिनल वापरू नयेत, सोल्डर केलेले पितळी बुलेटच (गोळीच्या आकाराची जोडटोके) वापरावेत, असे माझे ठाम मत आहे. मला सापडलेले तिन्ही सैल जोड त्या रंगीत टर्मिनलचेच होते.

आधीच्या मालकाने बसवलेला निगेटिव्ह अर्थचा रेडिओ अर्थात काढावा लागला. ती जागा आधुनिक रेडिओ लपवून भरण्याचा बेत होता, पण आता गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून उत्पादन-नोंदीचा दाखला मागवतो आहे. मूळ गाडीत रेडिओ नव्हता असे त्यावरून दिसले, तर तिथे फक्त झाकणपट्टी बसेल.