सेन्सरचं वरातीमागून घोडं

हवेच्या झोतात थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर) धरला की स्क्रीनवर जो आकडा दिसतो तो हवेचा नसतो, थर्मोकपलच्या टोकाचा स्वतःचा असतो. तापमान स्थिर असेल तर फारसा फरक पडत नाही, पण हवा भराभर गरम-गार होत असेल तर सेन्सरचं वरातीमागून घोडं ठरलेलंच.

डेटाशीटमध्ये टाइम कॉन्स्टंट दिलेला असतो, म्हणजे अचानक बदल झाला तर त्यातला ६३ टक्के पल्ला गाठायला लागणारा वेळ, पण तो बऱ्याचदा पाण्यात मोजलेला असतो आणि हवेत तोच सेन्सर कितीतरी पट सुस्त होतो. बरं, हवेतही तो एकच आकडा राहत नाही. १ मिमीच्या उघड्या जंक्शनला (तारा जिथे जुळतात ते टोक) ५ मीटर/सेकंद वेगात साधारण २ सेकंद लागतात, वेग १ वर आला की जवळपास ४. तेच जंक्शन पाव मिमीचं घेतलं तर काम ०.२ सेकंदावर येतं, त्यामुळे माझं मत विचाराल तर महागड्या लॉगरच्या (रीडिंग नोंदवणाऱ्या यंत्राच्या) आधी बारीक वायर घ्या (तुटते लवकर, ते सोसायचं).

गणिताने भरपाई करता येते, रीडिंगमध्ये टाइम कॉन्स्टंट गुणिले बदलाचा दर मिळवायचा, झालं. कागदावर सोपं वाटतं, पण सेकंदाला १०० रीडिंग घेताय आणि नॉइज (रीडिंगची उगाचची थरथर) नुसता ०.०५ अंश आहे असं धरा, दोन रीडिंगमधल्या तेवढ्या फरकाचा दर झाला ५ अंश प्रति सेकंद आणि २ सेकंदांनी गुणलं की हवेत नसलेले १० अंश हातात! म्हणून आधी फिल्टर, मग भरपाई.

मला खरी मजा येते ती हाच उशीर उलटा वापरण्यात. तांब्याचा १० मिमीचा गोळा, आत थर्मोकपल, गोळा तापवून झोतात धरायचा आणि गोळा व हवेतल्या फरकाचा लॉगॅरिदम वेळेसमोर प्लॉट करायचा. सरळ रेघ येते, तिच्या उतारावरून टाइम कॉन्स्टंट निघतो (५ मीटर/सेकंदला मिनिटभराच्या आसपास), आणि गोळ्याचं वजन, विशिष्ट उष्णता नि पृष्ठभाग माहीत असले की थेट हीट ट्रान्सफर कोइफिशंट, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमागे हवा सेकंदाला किती उष्णता नेते तो आकडा. तांबं उष्णता इतकी पटकन पसरवतं की आख्खा गोळा एकाच तापमानाला धरला तरी चालतं. फक्त गोळा घासून चकचकीत ठेवा, काळा पडला की रेडिएशनची उष्णताही हवेच्या खात्यात जमा होते, आणि झोत मंद असेल तर ती चांगलीच जाणवते.