अजेंडा वाचत जा राव

आमच्या गावात पालिकेवर चिडलेला माणूस दोनच ठिकाणी बोलतो, एक फेसबुकवर आणि दुसरं माझ्या दुकानात. दुकान पालिकेच्या गेटसमोर आहे. झेरॉक्स, फॉर्म, लॅमिनेशन, ऑनलाईन अर्ज, सगळं चालतं. घराचा उतारा, नळ कनेक्शनचा अर्ज, थकबाकी नसल्याचा दाखला, वारसनोंद, आत जे जे मागतात त्याची कॉपी माझ्याकडेच निघते, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगमध्ये काय चाललंय ते मला पेपरच्या आधी लोकांच्या हातातल्या कागदांवरून कळतं. आणि एवढं सगळं बघून माझं एक मत पक्कं झालंय की लोक ज्यावरून पालिकेला शिव्या घालतात त्यातलं बरंचसं पालिकेच्या हातात नसतंच, आणि जे खरंच सभागृहाच्या हातात असतं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

म्हणून म्हणतो, पालिकेच्या सभेचा अजेंडा वाचा.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यातून एकदा तरी घ्यावी लागते, नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा आहे त्यातच तसं लिहिलंय. सात दिवस आधी नोटीस निघते, सोबत विषयपत्रिका असते, आणि सभा लोकांसाठी खुली असते. हे शेवटचं सांगितलं की लोक माझ्याकडे असे बघतात की जसं काय मी फुकट प्लॉट वाटतोय. जाऊन मागच्या खुर्च्यांवर बसायचं, गप्प ऐकायचं, कोणी हाकलत नाही. आमच्याकडे पहिल्यांदा गेलात तर शिपाई विचारेल "काय काम आहे?", त्याला सांगायचं सभा ऐकायला आलोय, तो आत जाऊन कोणाला तरी विचारून येतो आणि मग चहापण देतो.

अजेंड्याची भाषा एकदा अंगवळणी पडली की मजा येते. पहिला विषय ठरलेला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचाही ठरलेला, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. ह्या दोघांच्या मधे जे असतं त्यात "कार्योत्तर मंजुरी" हा शब्द दिसला की थांबायचं, कारण त्याचा अर्थ खर्च आधीच झालाय, आता फक्त हात वर करायचेत. दरवेळी त्यात काळंबेरं असतंच असं नाही बरं का. उन्हाळ्यात जॅकवेलची (गावासाठी पाणी उपसायची विहीर) मोटार जळाली तर सभेची वाट बघत बसणार का, तातडीच्या कामाला कलम ५८(२) खाली अध्यक्षांना अधिकार आहेत आणि ते असायलाच पाहिजेत. पण मोटार जळणं वेगळं आणि कुठल्यातरी कार्यक्रमाचा मंडप, खुर्च्या, साऊंड वेगळं. कार्यक्रमाची तारीख महिनाभर आधी बॅनरवर छापलेली असते, मग खर्चाची मंजुरीच तेवढी नंतर कशी काय येते? हा प्रश्न सभागृहात विचारायला विरोधी नगरसेवक असतो, पण त्याच्याही प्रभागातलं एखादं काम त्याच यादीत असलं की तोही सूचक नाहीतर अनुमोदक होऊन जातो आणि खाली "सर्वानुमते मंजूर".

अगदीच टोकाला गेलं तर विरोधक कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, ठरावाला स्थगिती आणतात, मग दोन्ही बाजूंची सुनावणी, तारखा. आमच्याकडे एका रस्त्याचं असंच झालं, तो रस्ता अजून ३०८ मधे आहे असं लोक म्हणतात, म्हणजे पत्ताच झालाय तो आता.

आता पैशाचं. फेब्रुवारी अखेरपर्यंत अंदाजपत्रकाची विशेष सभा होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात "इतक्या कोटींचे शिलकी अंदाजपत्रक, कोणतीही करवाढ नाही". आकडा बघून माणूस म्हणतो बापरे एवढे पैसे आणि माझ्या दारातलं गटार तसंच! पण ह्या कोटींमधले बहुतेक पैसे नुसते इकडून येऊन तिकडे जाणारे असतात. सरकारी योजनांचे, म्हणजे नगरोत्थानचे, वैशिष्ट्यपूर्ण योजनेचे, वस्ती सुधारणेचे, ज्या कामासाठी आले त्याच कामावर घालायचे. केंद्राच्या १५ व्या वित्त आयोगाच्या पैशात (मार्च २०२६ पर्यंतच्या) सुद्धा ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच, असायचे, त्यातले निम्मे पाण्यावर आणि निम्मे स्वच्छतेवर. पूर्वी जकात (गावात येणाऱ्या मालावरचा कर) होती तेव्हा नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची, नगरपालिकांची जकात १९९९ मधे गेली आणि त्या बदल्यात सरकारचं सहायक अनुदान आलं, त्यातून पगार भागवायचे. म्हणजे आमच्यासारख्या क वर्गाच्या पालिकेला (लोकसंख्या ४० हजाराच्या आत, तो क वर्ग) स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न काय तर घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजाराची वसुली, थोडं बांधकाम परवानगीचं. एवढंच. पण हेच पैसे असे आहेत की जे कुठे घालायचे ते आपल्या माणसांनी आपल्या सभागृहात ठरवायचं असतं, आणि गंमत म्हणजे अजेंड्यावरचे हेच विषय सगळ्यात कमी वेळात उरकतात. चौकाला नाव कोणाचं द्यायचं ह्यावर दोन तास, बाजार वसुलीच्या ठेक्यावर दोन मिनिटं.

बाजार वसुलीचंच घ्या. दर आठवड्याला मेथीची जुडी घेऊन बसणाऱ्या मावशीकडून ठेकेदाराचा माणूस पैसे घेतो. किती घ्यायचे ते सभागृहाच्या ठरावात ठरलेलं असतं, पावती द्यायची असते, दराचा फलक लावायचा असतो. आमच्या बाजारात फलक मी शोधला, एका बंद पडलेल्या सुलभ शौचालयाच्या भिंतीवर सापडला, त्यावर दहावीच्या क्लासचं पोस्टर. आता मावशीचे पावतीवरच्या आकड्यापेक्षा वरचे दहा रुपये जातात हे सगळ्या गावाला माहितीये, भाजी घेताना आपण दर बाजारी बघतो, पण ठेक्याची मुदत वाढवायचा विषय अजेंड्यावर आला तेव्हा बोललं कोणी? विषय वाचला, मंजूर, पुढचा.

घरपट्टीचं बिल घेऊन लोक येतात तेव्हा त्यांना मी सांगतो की आधी कॉलम बघा. वृक्ष कर, अग्निशमन कर, दिवाबत्ती वगैरे पालिकेकडेच राहतं. शिक्षण कर आणि (दुकान असेल तर) रोजगार हमी कर, हे पालिका फक्त गोळा करून सरकारला देते. मुदतीत भरलं नाही तर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड) चढते, वर्षाचे २४ झाले. मधे सरकारने शास्ती माफीसाठी अभय योजना आणली तर जे वेळेवर भरतात ते माझ्या काउंटरवर येऊन म्हणायला लागले की आम्हीच येडे ठरलो का? त्यांचं काय चुकलं सांगा. आणि मार्च एंडला पथक ढोल घेऊन थकबाकीदाराच्या दारात जातं ना, ते कायम छोट्या माणसाच्या दारात. मोठे थकबाकीदार फ्लेक्सवर असतात, शुभेच्छुक म्हणून.

चार वर्षांची जी आकारणी होते, चतुर्थ वार्षिक म्हणतात तिला, त्यात तुमच्या घराचं माप आणि वापर बदललेला दाखवला की कर वाढतो. त्यावर हरकत घेता येते, सुनावणी होते. नोटीस आल्यावर लोक ती गाडीच्या डिकीत टाकतात आणि मुदत संपल्यावर माझ्याकडे अर्ज टाईप करायला आणतात. मी टाईप करून देतो, माझा धंदाच आहे, पण त्या अर्जाचा काही उपयोग होत नाही हे पण सांगतो.

२०२१ च्या शेवटी नगरसेवकांची मुदत संपली त्यानंतर जवळपास चार वर्षं आमच्याकडे प्रशासक, म्हणजे सगळ्यांच्या जागी एक सरकारी अधिकारी, होता, राज्यात बऱ्याच पालिकांमधे तेच, ओबीसी आरक्षणाचं कोर्टात अडकलं होतं. मग २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा तो कोर्टाने २१ तारखेला ढकलला, तोपर्यंत उमेदवारांची पोरं स्ट्राँगरूमच्या बाहेर शेकोटी करून बसलेली. प्रशासकाच्या काळात कामं व्हायची नाहीत असं नाही, उलट काही लोक अजून म्हणतात तेव्हा बरं होतं, कटकट नव्हती. मला ते पटत नाही. तेव्हा सभा म्हणजे एकाच साहेबाने टिप्पणी वाचून स्वतःच सही करायची, भांडायला समोर कोणी नाही, आणि बल्ब गेला तर कोणाला फोन करायचा हेच कळायचं नाही. साहेब चांगला असला तर चांगलं, नाहीतर काय, बदलीची वाट बघा.

नगरसेवक असला की फोन करायला माणूस असतो. आमच्या प्रभागातल्या ताई निवडून आल्यापासून त्यांचा फोन सकाळी साडेसहाला सुरू होतो, पाणी आलं नाही. वॉल्व्हमनने आमच्या गल्लीला कमी सोडलं. घंटागाडी पुढे निघून गेली, गाणं ऐकू आलं पण पोचेपर्यंत गायब. कुत्री. चेंबर तुंबलं. पोराचा जन्म दाखला, त्यात नाव चुकलंय. हे सगळं काम अजेंड्यावर कधीच येत नाही आणि मतं मात्र ह्याच्यावर मिळतात, त्यामुळे सभागृहात पाणीपट्टीचा दर ठरवताना बाई गप्प बसतात आणि वॉल्व्हमनला मात्र दिवसातून चारदा फोन लावतात. त्यांना दोष देऊन काय करू, आपणच त्यांना कधी विचारलं नाही की ताई, अमुक विषयावर तुम्ही काय बोललात.

छोट्या पालिकेला काही करताच येत नाही म्हणावं तर तसंही नाही. कराडला खेटून मलकापूर आहे, तिथे मीटर लावून २४ तास पाणी दिलं, जास्त वापराल तसा दर चढत जातो. आमच्याकडे मीटरचं नुसतं नाव काढलं तर मोर्चा निघेल, आणि त्याच मोर्चातल्या लोकांनी नळाला थेट मोटार लावलेली असेल. वेंगुर्ल्याला रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा घरातूनच वेगळा करून घ्यायला लागले, ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, आणि जो कचरा डेपो होता तो लोक बघायला जातात अशी जागा झाली. बारा-तेरा हजार वस्तीचं गाव ते. अधिकारी चांगला मिळाला हे खरं, पण सभागृहाने आडवं घातलं असतं तर तो एकटा काय करणार होता. आमचे नगरसेवक पण तिकडे अभ्यास दौऱ्यावर जाऊन आले म्हणे, फोटो मी बघितले. समुद्रावरचे होते.

आता पुढच्या सभेत गाळ्यांचा विषय येतोय. पालिकेच्या शॉपिंग सेंटरमधल्या गाळ्यांच्या मुदती संपून वर्षं झाली, भाडं जुनंच चालू आहे, काहींनी तर आपला गाळा दुसऱ्याला दुप्पट-तिप्पट भाड्याने दिलाय आणि स्वतः घरी बसून खातायत. पर्याय दोन, मूल्यांकनाप्रमाणे भाडं वाढवून आहे त्यांनाच द्यायचं, नाहीतर जाहीर लिलाव. माझंही दुकान त्याच रांगेत आहे, त्यामुळे ह्या विषयावर माझं मत धराच असं मी म्हणणार नाही. लिलाव झाला तर मोबाईलवाला नाहीतर सोन्याचांदीचा कोणीतरी येऊन माझ्यावर बोली चढवणार आणि पालिकेला चार पैसे जास्त मिळणार, ते गावाच्या दृष्टीने बरोबरच आहे. आणि तरी मला वाटतं की भाडं वाढवावं पण लिलाव करू नये, पोटभाडेकरू आधी बाहेर काढावेत, मग बघू. आमच्या गाळेधारकांच्या मीटिंगमधे मी पोटभाडेकरूचा मुद्दा काढला तर दोघं उठूनच गेले. निवेदन मात्र टाईप करायला माझ्याकडेच आलं, त्यात तो मुद्दा नाही. सभेला मी जाणार आहे, मागे बसून ऐकायचं फक्त, बोलायचा हक्क आपल्याला नसतो. वेळ अकराची आहे, म्हणजे बाराला सुरू होईल.