तुम्हीच ठरवा

डॉक्टरांनी माझ्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा सगळा फॉर्म भरून दिलाय. नाव, वय, बाजू: डावी. फक्त 'शस्त्रक्रियेचा प्रकार' याच्यापुढची ओळ कोरी ठेवली आणि वर गोड आवाजात सांगितलं, "नुसती गाठ काढा नाहीतर पूर्ण स्तन, दोन्हींचा निकाल सारखाच आहे ताई, सोमवारपर्यंत तुम्हीच ठरवा."

सारखाच आहे तर मला कशाला विचारता? तिथे तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून इथे लिहितेय. बाकीचं, म्हणजे गाठीची भीती वगैरे, ते राहू दे. संध्याकाळपासून चीड येतेय ती या ओळीची.

सारखाच आहे हे खोटं नाही. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या पुढाकाराने 1976 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत 1851 बायकांचा हिशोब आहे, चार सेंटीमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्यांचा. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची नुसती गाठ, काहींची गाठ काढून वर रेडिएशन दिलं. कुणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. वीस वर्षांनी, 2002 मध्ये आकडे मांडले तर जगण्यात फरक नाही. इटलीत मिलानमध्ये सर्जन व्हेरोनेसी यांनी केलेल्या चाचणीतही तेच निघालं. फरक पडला तो त्याच स्तनात गाठ परत येण्यात: रेडिएशन न घेतलेल्यांत 39.2 टक्के, घेतलेल्यांत 14.3. हे जुने आकडे. औषधं सुधारली तसं ते प्रमाण बरंच खाली आलंय. पण एवढं कळतं की नुसती गाठ काढणं हा अर्धाच उपचार. सत्तरीच्या आसपासच्या काही जणींना लाइटमधून, म्हणजे या रेडिएशनमधून, सूट मिळते. माझं वय त्यात बसत नाही, आणि या एका बाबतीत तरुण असल्याचं वाईट वाटलं.

रिपोर्ट म्हणतो: एकच गाठ, 2.2 सेंटीमीटर, वरच्या बाहेरच्या भागात. म्हणजे दोन्ही रस्ते मोकळे. ज्यांना एकाच स्तनात लांब लांब दोन-तीन गाठी असतात, मॅमोग्राफीत चुन्याचे ठिपके सगळीकडे पसरलेले दिसतात, किंवा ज्यांच्या छातीला पूर्वी लाइट दिलेला असतो, त्यांच्यापुढे हा प्रश्न बहुधा येतच नाही. हेवा करावा असं त्यात काही नाही. तरी वाटला.

आक्काचं मत ठाम आहे: "काढूनच टाक. मागे काही उरायलाच नको." ऐकायला बरं वाटतं. पण पूर्ण काढतानाही कातडी जिवंत राहावी म्हणून तिच्याखाली पातळ थर ठेवावा लागतो, त्यात स्तनाच्या चार पेशी राहू शकतात, आणि छातीच्या कातडीवर आजार परत येऊ शकतो. कमी वेळा, पण येतो. किमोही टळत नाही. ती गाठीच्या तपासणीत ईआर, पीआर (हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (हे प्रथिन जास्त आहे का) काय आलं आणि काखेत किती पसरलंय यावर ठरते, स्तन ठेवला की काढला यावर नाही. लाइटही टळेलच असं नाही: काखेत प्रत्येकीलाच असणाऱ्या लसीका ग्रंथींपैकी चार किंवा जास्त ग्रंथींत आजार निघाला तर पूर्ण काढूनही घ्यावाच लागतो. आणि हात सुजणं, दंडाची आतली बाजू बधिर होणं, हे सगळं काखेच्या ऑपरेशनचं देणं. काखेत तर दोन्हीकडे सारखंच करणार: निळा रंग टोचून पहिल्या दोन-तीन ग्रंथी शोधायच्या, तपासायच्या, गरज पडली तरच बाकीच्या काढायच्या. (दुसऱ्या दिवशी लघवी हिरवट-निळी होते. हे आधी सांगत जा रे कोणीतरी.)

मग उरलं काय ठरवायला? मार्जिन, म्हणजे काढलेल्या गाठीची कड.

गाठ बाहेर आली की सर्जन तिला दोन टाके घालतात, बहुतेक ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बाहेरच्या बाजूला, म्हणजे लॅबमध्ये दिशा चुकत नाही. तिथे बाहेरून शाई लावतात, बाजूगणिक वेगळा रंग. मग काप करून काचेवर. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरची पेशी शाईला टेकलेली दिसली तर कड वाईट, टेकली नसेल तर चांगली. 2014 पासून आक्रमक, म्हणजे दुधाच्या नळ्यांबाहेर शिरलेल्या, कॅन्सरला एवढाच नियम: शाईवर पेशी नको, जास्त मोठा काठ घेऊन फायदा नाही. नुसता नळ्यांच्या आतला आजार असेल तर दोन मिलिमीटर मोकळे लागतात. कड वाईट निघाली तर पुन्हा ऑपरेशन. टेबलावर असतानाच तुकडा गोठवून तपासला (फ्रोझन) की बऱ्याचदा कळतं, नेहमी नाही. पक्का रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो. त्या आठ-दहा दिवसांची मला धास्ती आहे. पूर्ण काढण्याच्या बाजूने माझ्याकडचा खरा मुद्दा तेवढाच.

आणि लाइट. पूर्वी पाच आठवडे, 25 वेळा. आता बहुतेक ठिकाणी तीन आठवडे, 15 वेळा, एकूण 40 ग्रे (हे किरणांचं माप). काही जणींना वर बूस्ट, म्हणजे गाठीच्या जागी थोडे जास्त किरण. शनिवार-रविवार सुट्टी. डावी बाजू म्हणून खोल श्वास घेऊन वीसेक सेकंद रोखायचा, तेवढ्यात हृदय किरणांपासून मागे सरतं. हात डोक्यावर न्यावा लागतो, म्हणजे ऑपरेशननंतर खांद्याचा व्यायाम चुकवला की लाइटची तारीख पुढे. डोंबिवलीहून परळ, लोकलमध्ये डावी बाजू सांभाळत. करेन. गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या बाईला आधी तीन आठवडे राहायचं कुठे ते बघावं लागतं, आणि किती जणींचा निर्णय गाठीपेक्षा त्यावरच होत असेल. मला निदान घर आहे.

पूर्ण काढण्याचाही खर्च असतोच. जखमेतलं पाणी बाहेर काढणारी ड्रेनची नळी, ते पाणी दिवसाला तीसेक मिलिलिटरच्या खाली आल्याशिवाय निघत नाही. मग छाती ओढल्यासारखी वाटते, एका बाजूचं वजन गेल्याने खांदा चढतो. ब्लाउजमध्ये हलका फोम भरला तर तो गळ्याकडे सरकतो. वजनाचं सिलिकॉनच लागतं. पोटाचा किंवा पाठीचा भाग वापरून नवा स्तन करता येतो, पण ते मोठं ऑपरेशन, आणि संवेदना पूर्वीसारखी नाहीच. त्याबद्दल नको आता.

रात्री दहाला पोटभर रडून झालं. माझ्याच वाट्याला का, अख्ख्या घरात एक माणूस नाही जो म्हणेल मी ठरवतो. आणि मग आठवलं की एकेकाळी हेच होत होतं, सगळं दुसऱ्यांनी ठरवायचं. हॅल्स्टेड नावाच्या अमेरिकन सर्जनच्या पद्धतीने स्तन, छातीचे स्नायू, काख, सगळं एका झटक्यात जायचं. विसाव्या शतकात कित्येक दशकं बाईला तपासणीच्या तुकड्यासाठी भूल द्यायचे, टेबलावरच रिपोर्ट यायचा आणि कॅन्सर निघाला तर तिला न उठवता पुढचं उरकायचे. शुद्धीवर आल्यावर हात लावून बघायचं, आहे की गेला. त्यांना कोणी ओळ कोरी सोडली नाही. आणि मी इथे मला विचारलं म्हणून रुसून बसलेय.

तर लिहिते: गाठ काढा, काखेचं तपासा, लाइट घेईन. कड वाईट आली तर एकदा पुन्हा उघडायला हरकत नाही. दुसऱ्यांदाही वाईट आली तर पूर्ण काढा, मला परत विचारू नका. शिवाय विचारायचंय: मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या नेतृत्वाखाली देशातल्या काही केंद्रांत चाचणी झाली, 2023 मध्ये छापून आली. चिरण्याआधी गाठीभोवती लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करायचं औषध, टोचलं तर पाच वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्या 82.6 टक्क्यांवरून 86.6 वर गेल्या. ते इथे देतात का? स्वस्त इंजेक्शन आहे, दोन्ही ऑपरेशनांना चालतं, आणि त्याबद्दल मला कोणी चकार शब्द विचारला नाही.

शिंप्याला पुढून हुक असलेले, डाव्या काखेत सैल, सुती ब्लाउज सांगायचेत.

आक्काला सांगेन की डॉक्टरांनीच ठरवलं. तिला बरं वाटेल.